परकीय मदतीने सरकारी यंत्रणा सुधारते का?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी बहुतेक मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि १ जुलैपासून यूएसएड ही त्या देशाची सहा दशकांहून जुनी मदतसंस्था परराष्ट्र खात्यात विलीन झाली. ब्रिटननेही फेब्रुवारीत जाहीर केले की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्के असलेला मदतीचा वाटा २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणला जाईल. या कपातीच्या बातम्यांत औषधे, लसी आणि धान्य यांचा उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण या मदतीचा एक भाग असा आहे की त्याची चर्चा फारशी होत नाही. गरीब देशांच्या सरकारी यंत्रणा सुधाराव्यात, नेमणुका गुणवत्तेवर व्हाव्यात, पगार वेळेवर आणि योग्य माणसाला मिळावेत, यासाठी श्रीमंत देश आणि आंतरराष्ट्रीय बँका गेली चार दशके पैसा देत आल्या आहेत. तो पैसा कशावर खर्च होतो, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्याला इतकी मर्यादित फळे का आली, हे समजून घेण्याची वेळ आता आली आहे.

नागरी सेवा म्हणजे कोण, आणि तिच्यात सुधारायचे काय?

सरकार बदलले तरी जे बदलत नाहीत ते पगारी, कायम स्वरूपाचे सरकारी कर्मचारी म्हणजे नागरी सेवा. मंत्रालयातील सचिवापासून कर गोळा करणाऱ्या निरीक्षकापर्यंत आणि जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनापर्यंत सारे तिच्यात येतात. शिक्षक, परिचारिका आणि पोलीस यांची गणना काही देशांत तिच्यात होते, तर काही देशांत वेगळी होते. कायदा कितीही चांगला केला तरी तो राबवणारे हात हेच असतात.

नागरी सेवा सुधारणा म्हटले की साधारणपणे चार गोष्टी अभिप्रेत असतात. पहिली म्हणजे नोकरीत नेमके कोण आहे हे शोधणे, कारण अनेक देशांत पगारपत्रकावर अशी हजारो नावे असतात की जी माणसे मरण पावलेली, निवृत्त झालेली किंवा मुळात अस्तित्वातच नसलेली असतात, आणि त्यांचा पगार दुसरेच कोणी उचलत असते. अशांना या लेखात आपण ‘कागदी कर्मचारी’ म्हणू. दुसरी गोष्ट भरती आणि बढती, म्हणजे ती परीक्षेने व्हावी की ओळखीने. तिसरी पगार आणि वेतनश्रेणी. चौथी म्हणजे कामाचे मोजमाप आणि जबाबदारी. यातील पहिली गोष्ट संगणक आणि बोटांचे ठसे वापरून बऱ्याच अंशी साधता येते. उरलेल्या तिन्हींमध्ये मात्र कोणाच्या तरी हातातील अधिकार काढून घ्यावा लागतो, आणि खरी अडचण तेथून सुरू होते.

बाहेरचा पैसा कोणत्या वाटांनी येतो?

पहिली वाट तज्ज्ञांची. मदत देणारा देश सल्लागार पाठवतो, प्रशिक्षण देतो, संगणकप्रणाली बसवून देतो. याला तांत्रिक साहाय्य म्हणतात. दुसरी वाट कर्जाची. जागतिक बँकेसारख्या संस्था अल्प व्याजाने किंवा बिनव्याजी कर्ज देतात आणि त्याच्या अटींमध्ये ठरावीक सुधारणा लिहिलेल्या असतात. तिसरी वाट थेट सरकारी तिजोरीत पैसा देण्याची, म्हणजे अर्थसंकल्पीय साहाय्याची. यात पैसा सरकारच्या नेहमीच्या हिशेबातून खर्च होतो आणि मदत देणाऱ्याचे लक्ष एकेका प्रकल्पाऐवजी एकूण कारभारावर राहते. २०१२ पासून जागतिक बँकेने आणखी एक पद्धत सुरू केली असून, तिच्यात ठरलेले निष्पन्न प्रत्यक्षात दिसल्याची पडताळणी झाल्यावरच पैसा दिला जातो.

आजवरचा हिशेब काय सांगतो?

हिशेब निराशाजनक आहे, आणि तो मदत देणाऱ्यांनी स्वतःच मांडलेला आहे. जागतिक बँकेच्या मूल्यमापन विभागाने १९९९ मध्ये आपल्याच नागरी सेवा सुधारणांच्या प्रकल्पांचा आढावा घेतला, तेव्हा पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी जेमतेम एक तृतीयांश प्रकल्पांचे फलित समाधानकारक ठरले. २००८ मध्ये याच बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन गटाने सार्वजनिक क्षेत्रातील सर्व सुधारणांची तपासणी केली. अर्थसंकल्प, लेखे आणि करवसुली यांत मदत घेणाऱ्या बहुतेक देशांत सुधारणा दिसली, पण नागरी सेवेच्या बाबतीत ती निम्म्याहूनही कमी देशांत दिसली.

हा फरक विचार करण्यासारखा आहे. लेखापद्धती सुधारायची तर अर्थखात्यातील काही शे माणसांना नवी पद्धत शिकवावी लागते, आणि तिचा लाभ अर्थमंत्र्याला लगेच मिळतो, कारण पैसा कुठे आहे हे त्याला कळू लागते. भरतीची पद्धत बदलायची तर प्रत्येक मंत्र्याला, प्रत्येक खातेप्रमुखाला आणि लाखो कर्मचाऱ्यांना आपल्या हिताला मुरड घालावी लागते, तर त्याचा लाभ पुढच्या पिढीतील अनोळखी उमेदवारांना होतो. ज्यांचे नुकसान होणार ते संघटित असतात, आणि ज्यांचा फायदा होणार त्यांना आपला फायदा होणार आहे हे ठाऊकही नसते.

पैसा असूनही अडते कुठे?

माणसे राहत असलेल्या घराची दुरुस्ती करायची असली की चूल बंद ठेवता येत नाही, आजाऱ्याला उठवता येत नाही आणि कोणती भिंत पाडायची यावर घरातल्यांचे एकमत होईपर्यंत गवंडी बसून राहतो. बाहेरचा माणूस सिमेंट आणू शकतो, कारागीर पाठवू शकतो, नकाशाही काढून देऊ शकतो. पण कोणी कोणती खोली सोडायची हे तो सांगू शकत नाही. नागरी सेवेची सुधारणा नेमकी अशी आहे, आणि सरकारी नोकरी ही अनेक देशांत त्या घरातील सर्वांत मौल्यवान खोली आहे.

गरीब देशात खासगी उद्योग थोडे असतात. सरकारी नोकरी म्हणजे निश्चित पगार, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठा. एका पगारावर दहाबारा माणसे जगतात. त्यामुळे नोकरी देण्याचा अधिकार हे नेत्याचे सर्वांत मोठे भांडवल असते. यात निव्वळ लोभ आहे असे समजणे मला अन्यायाचे वाटते. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात वेगवेगळ्या गटांना सरकारात जागा देऊनच शांतता टिकवलेली असते, आणि ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकलेला माणूस कालपर्यंत बंदूक हातात असलेला असू शकतो. बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या अहवालात ही बाब क्वचितच उमटते.

याशिवाय काळाचा प्रश्न आहे. मदतीचा एक प्रकल्प साधारण तीन ते सहा वर्षे चालतो. ब्रिटनमध्ये खुल्या स्पर्धा परीक्षेने भरती करावी अशी शिफारस नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांच्या अहवालाने १८५४ मध्ये केली, पण ती सर्वसाधारण नियम म्हणून लागू व्हायला १८७० उजाडले. अमेरिकेत १८८३ च्या पेंडलटन कायद्याने गुणवत्तेवर भरती सुरू केली, तेव्हा संघीय नोकऱ्यांपैकी सुमारे एक दशांश नोकऱ्याच त्याच्या कक्षेत आल्या आणि बाकीच्या हळूहळू काही दशकांत येत गेल्या. ज्या देशांना हे करायला दोन पिढ्या लागल्या, ते इतरांकडून पाच वर्षांत याची अपेक्षा धरतात.

मग पाच वर्षांत जे दाखवता येते तेच केले जाते. नवा कायदा होतो, सुधारणा आयोग स्थापन होतो, कामाच्या मूल्यमापनाचे अर्ज छापले जातात आणि कर्जाचा पुढचा हप्ता मिळतो. कामाची रीत मात्र होती तशीच राहते. मॅट अँड्र्यूज, लँट प्रिचेट आणि मायकल वूलकॉक या अभ्यासकांनी या प्रकाराचे सविस्तर विश्लेषण केले आहे. सक्षम संस्थेचे बाह्यरूप उचलायचे आणि त्याच्या आधारे मान्यता व पैसा मिळवायचा, हे नक्कल करणाऱ्याला आणि पैसा देणाऱ्याला दोघांनाही सोयीचे असते.

युगांडाची तीस वर्षे

या विषयात युगांडाइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही, कारण तेथे यश आणि घसरण दोन्ही पाहायला मिळतात. १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले तेव्हा यादवीने राज्ययंत्रणा मोडून पडली होती आणि पगार इतके क्षुल्लक झाले होते की त्यावर आठवडाभरही भागत नसे. १९९० मध्ये सरकारी नोकरांची संख्या सुमारे ३ लाख २० हजार होती. जागतिक बँक, ब्रिटन आणि इतरांच्या मदतीने ती नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत दीड लाखाच्या आसपास आली. हजारो कागदी कर्मचारी पगारपत्रकावरून गेले, मंत्रालये ३८ वरून २१ झाली, आणि वाचलेल्या पैशातून उरलेल्यांचे पगार वाढवता आले. जगभरातील परिषदांत या देशाचा दाखला दिला जाऊ लागला.

याच काळातील आणखी एक गोष्ट शिक्षणातील आहे. सरकार प्राथमिक शाळांना दरडोई अनुदान पाठवत असे. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांनी शाळांमध्ये जाऊन तपासले, तेव्हा १९९१ ते १९९५ या काळात सरासरी १३ टक्केच रक्कम शाळेपर्यंत पोहोचल्याचे आढळले. त्यानंतर सरकारने किती पैसा पाठवला हे वर्तमानपत्रांत आणि शाळांच्या फलकांवर जाहीर करायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. यातले श्रेय किती रकमा जाहीर करण्याचे आणि किती त्याच सुमारास झालेल्या आर्थिक शिस्तीच्या इतर उपायांचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते दोन्ही एकत्र आल्यामुळेच फरक पडला असावा, कारण नुसती माहिती हाती आल्याने गळती करणाऱ्याला अडवण्याचे अधिकार कोणाला मिळत नाहीत.

पुढे राजकारण बदलले. निवडणुकीतील स्पर्धा वाढली तसे नवे जिल्हे निर्माण होऊ लागले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी चाळीसहून कमी असलेले जिल्हे २०१० पर्यंत शंभराच्या पुढे गेले. प्रत्येक जिल्ह्याबरोबर नवी पदे, नवी कार्यालये, नव्या गाड्या आल्या. राज्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या अलीकडे ८० च्या आसपास पोहोचली आहे. २०१२ मध्ये तर नागरी सेवेची सूत्रे ज्या मंत्रालयाकडे आहेत, त्याच लोकसेवा मंत्रालयात कागदी निवृत्तिवेतनधारकांच्या नावे पैसा उचलल्याचा घोटाळा उघड झाला.

बाहेरच्या मदतीने झालेली कपात खरी होती. परंतु नोकऱ्या वाटून सत्ता टिकवण्याची गरज तिने संपवली नव्हती, आणि ती गरज परतल्यावर पदेही परतली.

पगार वाढवले तर प्रश्न सुटणार नाही का?

उपाशी कर्मचाऱ्याकडून सचोटीची अपेक्षा करणे गैर आहे, म्हणून पगारवाढ आवश्यक आहे यात वाद नाही. ती पुरेशी आहे का, एवढाच प्रश्न आहे. युगांडाने १९९१ मध्ये करवसुलीसाठी वेगळे प्राधिकरण स्थापून तेथे इतर खात्यांच्या कितीतरी पट पगार दिले. वसुली काही वर्षे झपाट्याने वाढली, मग थबकली, आणि पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून तेथे चौकशी आयोग नेमावा लागला. वरिष्ठांच्या नेमणुकांत आणि मोठ्या करदात्यांच्या बाबतीत राजकीय हस्तक्षेप सुरू राहिला तर वाढलेला पगार त्याला आवर घालू शकत नाही.

पगारवाढीचा पैसा बाहेरून आला तर आणखी एक गुंता होतो. कंबोडियात मदत देणाऱ्यांनी निवडक अधिकाऱ्यांच्या मूळ पगारावर भत्ता देण्याची योजना सुरू केली होती, जेणेकरून चांगली माणसे सुधारणेच्या कामात टिकावीत. २००९ च्या अखेरीस सरकारने हे भत्ते १ जानेवारी २०१० पासून बंद करण्याचा निर्णय अचानक जाहीर केला. पुढे तात्पुरती पर्यायी व्यवस्था झाली आणि तीही काही वर्षांत संपली. मोजक्या लोकांचे काही वर्षांसाठी भागले, पण सगळ्यांची वेतनश्रेणी मात्र होती तिथेच राहिली.

अफगाणिस्तानात २००१ नंतर हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर झाला. मंत्रालयांत परकीय पैशावर नेमलेले हजारो अफगाण तज्ज्ञ नियमित कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्या अनेक पट पगारावर काम करू लागले. जाणकार या वर्गाला ‘दुसरी नागरी सेवा’ म्हणत. काम होत होते, पण ते मंत्रालयाच्या अंगी मुरत नव्हते. शिवाय मदतसंस्थाच शिकलेल्या माणसांना जास्त पगार देऊन उचलत असल्याने, ज्या सरकारला बळकट करायचे त्यातील उत्तम अभियंता एखाद्या परदेशी कार्यालयात दुभाषा म्हणून काम करताना दिसे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता घेतली आणि मदत थांबली, तेव्हा सार्वजनिक खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परकीय अनुदानावर चालत होता. ही दुसरी सेवा विरून गेली आणि पहिलीतल्या शिक्षकांचे व परिचारिकांचे पगार थकले. या अपयशात मदत देणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो त्यांनी पुरेशा स्पष्टपणे मान्य केलेला नाही असे मला वाटते.

हा दुसऱ्याच्या कारभारात हस्तक्षेप नव्हे का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला एकच एक उत्तर नाही. लायबेरियात २००५ मध्ये संक्रमणकालीन सरकारच्या काळात इतकी लूट चालली होती की मदत देणाऱ्यांनी एक कठोर करार पुढे ठेवला. त्यानुसार मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ यांसारख्या महसुलाच्या ठिकाणी परकीय तज्ज्ञ बसले, आणि त्यांच्या सहीशिवाय मोठा खर्च होणार नाही असे ठरले. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने ही मानहानीच होती. पण जानेवारी २००६ मध्ये सत्तेवर आलेल्या अध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांनी या व्यवस्थेचा उपयोग करून घेतला. आर्थिक शिस्त आली, महसूल वाढला, जून २०१० मध्ये देशाच्या कर्जमाफीचा मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी ती व्यवस्था संपली. तिजोरीची राखण झाली हे खरे, मात्र सही करणाऱ्या परक्या तज्ज्ञाच्या शेजारी तितकाच सक्षम स्थानिक अधिकारी घडवण्याचे काम त्या मानाने मागे राहिले.

याच्या नेमके उलट उदाहरण बोट्स्वानाचे आहे. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्याचा नेहमीचा खर्चही ब्रिटिश अनुदानाशिवाय भागत नव्हता. पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने परकीय अधिकाऱ्यांना घाईने घालवले नाही. स्थानिक माणूस त्या कामासाठी तयार होईपर्यंत त्यांना ठेवले. मात्र ते बोट्स्वानाच्या सरकारचे नोकर म्हणून, त्याच्याच सचिवांच्या हाताखाली काम करत. मदत कोणत्या कामाला घ्यायची हे राष्ट्रीय विकास आराखडा ठरवी, आणि आराखड्यात न बसणारी मदत नाकारली जाई. हिऱ्यांचे उत्पन्न सुरू झाले तेव्हा ते सांभाळू शकेल अशी यंत्रणा तयार होती. लोकसंख्या लहान होती आणि नेतृत्व जपून वागणारे होते, त्यामुळे ही पद्धत सगळीकडे जशीच्या तशी चालेल असा दावा करता येणार नाही. तरीही दोन्ही देशांची तुलना करताना मला निर्णायक वाटते ती एक बाब: बोट्स्वानात परका तज्ज्ञ कोणाला उत्तरदायी आहे हे स्थानिक सरकार ठरवत होते.

इतके अपयश असेल तर मदत थांबली म्हणून बिघडले कुठे?

अपयशाची कारणे नीट पाहिली तर हा निष्कर्ष निघत नाही. २०१२ मध्ये युगांडाच्या पंतप्रधान कार्यालयात उत्तर भागाच्या पुनर्वसनासाठी आलेल्या पैशाचा अपहार झाला. तो युगांडाच्याच महालेखापरीक्षकांनी उघडकीस आणला, आणि लेखापरीक्षणाचे ते कार्यालय सक्षम करण्यासाठी परकीय मदत अनेक वर्षे खर्च झाली होती. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी मदत रोखली, आणि आयर्लंडला त्याचे ४० लाख युरो परत मिळाले. ज्या यंत्रणेत चोरी झाली तिच्यातीलच एका कार्यालयाने ती पकडली, हे त्या मदतीचे फळ होते.

आताची कपात मात्र कोणत्याही मूल्यमापनावर आधारलेली नाही, आणि तिचा वेग हाच तिचा सर्वांत मोठा दोष आहे. एचआयव्हीविरोधी अमेरिकी कार्यक्रमाच्या पैशावर अनेक देशांत मिळून अडीच लाखांहून अधिक आरोग्य कर्मचारी काम करत होते. त्यांतील बहुतेकांची नावे आपापल्या सरकारच्या पगारपत्रकावर नव्हती. अफगाणिस्तानसारखीच ही एक दुसरी सेवा होती, फक्त दवाखान्यांत पसरलेली. या माणसांना सरकारी सेवेत घ्यायचे तर आधी पदे मंजूर करावी लागतील. मग त्यांना कोणत्या श्रेणीत बसवायचे हे ठरवावे लागेल, कारण मदतीच्या पैशावर मिळणारा पगार सरकारी श्रेणीपेक्षा बऱ्याचदा जास्त होता आणि तो चालू ठेवला तर शेजारच्या सरकारी परिचारिकेवर अन्याय होतो, कमी केला तर अनुभवी माणूस निघून जातो. कर्जदार देशांच्या एकूण वेतनखर्चावर नाणेनिधीच्या कार्यक्रमांतून मर्यादाही येऊ शकते. हे सारे प्रश्न भरती, श्रेणी आणि वेतनाचे, म्हणजे नागरी सेवेचे आहेत. मदतीचा पैसा चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी होत गेला असता आणि दरवर्षी ठरावीक पदे सरकारी पगारपत्रकावर घेण्याचे बंधन त्याला जोडलेले असते, तर अर्थखात्यांना आपल्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी जागा करता आली असती. काही आठवड्यांच्या मुदतीत ती जागा करणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते.